मांजराला तपासणीला कसं न्यावं : सुरुवात दोन आठवडे आधी

“चांगलं ठणठणीत आहे, मग डॉक्टर कशाला?” आमच्या इंदूरच्या रामबागेत हे मला कुणी ना कुणी विचारतंच. मांजर दुखणं लपवतं. मूत्रपिंडाचं दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत ते खातं, गच्चीवर हुंदडतं आणि घरातल्यांना पत्ता लागत नाही. म्हणून वर्षातून एकदा तपासणी हवीच, आणि सात-आठ वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी. कुत्र्यालाही हाच हिशेब.

वेळ सकाळची घ्या. रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचा, दिवस नको, दिवाळीचा आठवडा नको. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी चालेल. त्याच सकाळची शी छोट्या डबीत घ्या.

आता खरं अवघड काम : मांजर कॅरिअरमध्ये, म्हणजे न्यायच्या पेटीत, घालणं. सहा वर्षांपूर्वी मी ठमीला चेनच्या कापडी पिशवीत घेऊन रिक्षात बसले. राजवाड्याजवळ मागून भोंगा वाजला, तिनं डोक्यानं चेन उघडली आणि उडी मारली. दोन तास उभ्या गाड्यांखाली वाकून शोधत होते. सापडली, पण त्या धसक्यानं पुढची दोन वर्षं मी तिला नेलंच नाही. नेलं तेव्हा ४.२ किलोची ठमी ३.४ वर आली होती. रोज मांडीवर घेत होते, तरी हाताला कळलं नव्हतं.

त्यामुळे पिशवी नकोच. टणक प्लास्टिकचा कॅरिअर घ्या, वरचा अर्धा भाग सुटा होणारा. दोन आठवडे आधी तो मांजराच्या आवडत्या कोपऱ्यात ठेवा. दार काढून टाका, आत तुमची वापरलेली, न धुतलेली सुती साडी घाला. जेवणाची वाटी आधी दाराशी ठेवा, मग रोज थोडी आत सरकवा. आठवड्यानं दार बसवून मिनिटभर लावा. मग उचलून घरात फिरवा, मग फाटकापर्यंत जाऊन परत. घाई केलीत तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

जायच्या दिवशी ते आपणहून शिरलं नाही तर कॅरिअर उभा करा, दाराचं तोंड छताकडे. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, आणि मागचे पाय आधी आत सोडा. डोकं पुढे करून कोंबायला गेलात तर ते चारही पाय कडेला रोवून बसतं आणि तुमचे हात रक्ताळतात. वर टॉवेल टाका. स्कूटरवर नेऊ नका.

“मानगूट धरून उचला” हा सल्ला मोठ्या मांजराच्या बाबतीत साफ चुकीचा. घरातली कुठलीही गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलनं मांजर मरतं. फारच बिथरत असेल तर प्रवासाआधी द्यायचं औषध डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे घ्या.

दवाखान्यात कॅरिअर जमिनीवर नको, खुर्चीवर ठेवा, कुत्र्यांकडे पाठ करून. वरचा भाग काढून खालच्या भागातच तपासायला सांगा, बहुतेक डॉक्टर ऐकतात. वजन, दात, कान, पोट, छाती ते बघतीलच. सात वर्षांनंतर रक्त आणि लघवीची तपासणी तुम्ही स्वतः मागा. मांजर घराबाहेर पडत नाही म्हणून रेबीजची लस टाळू नका. सोनोग्राफी लागली आणि जवळपास सोय नसली तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. सवय झालेलं मांजर तेवढा प्रवास निभावतं. वजन तारखेसकट वहीत लिहा. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम म्हणजे दहावा हिस्सा.

कुत्र्याचं सोपं : पट्टा लावा, निघा. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत गोचिड्या बघून घ्या.

घरी दुसरं मांजर असेल तर काही तास दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा, दवाखान्याच्या वासानं ते आपल्याच सोबत्यावर फिस्कारतं. आणि कॅरिअर माळ्यावर टाकू नका, साडीसकट परत त्याच कोपऱ्यात ठेवा.