कथेतलं क्रियापद उचला: सृष्टीच्या उत्पत्तीवर अमूर्त चित्र कसं करावं

सृष्टीच्या उत्पत्तीवर चित्र करायला घेतलं की पहिल्या तासाभरात कॅनव्हासवर कमळ येतं, नाहीतर अंडं, नाहीतर मधोमध काळा ठिपका. कमळ आलं की चित्र कॅलेंडरकडे सरकतं. ठिपका आला की बघणाऱ्याला चित्रकार सय्यद हैदर रझा आठवतात, कारण रझांनी (१९२२–२०१६) बिंदू इतकी वर्षं रंगवला की तो त्यांचाच होऊन गेला. यातून बाहेर पडायचा एक साधा, हमखास उपयोगी पडणारा मार्ग आहे: कथेतली नामं खोडा आणि क्रियापद ठेवा. देव, अंडं, समुद्र, राक्षस सगळे बाजूला. उरतं ते झाकणं, तापणं, दुभंगणं, घुसळणं, मिसळणं. ही पाचही कामं रंग स्वतः करू शकतो. कमळ रंगाला होता येत नाही, त्याला कमळ दाखवावं लागतं. दुभंगणं मात्र तो खरोखर करतो.

सुरुवात वहीत करा. एकच कथा निवडा, तिचं चांगलं भाषांतर मिळवा आणि त्यातली फक्त क्रियापदं उभ्या ओळीत लिहा. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या दोन दिवसांत मुख्य क्रियापद ‘वेगळं करणं’ आहे: पहिल्या दिवशी उजेड आणि अंधार, दुसऱ्या दिवशी वरचं पाणी आणि खालचं पाणी. बाबिलोनच्या एनुमा एलिश या उत्पत्तिकाव्यात सुरुवातीला अप्सू या देवाचं गोडं पाणी आणि तियामत या देवीचं खारं पाणी एकत्र मिसळलेलं असतं. जपानच्या कोजिकी या ग्रंथात (इ.स. ७१२) इझानागी आणि इझानामी हे देव-देवी भाल्याने समुद्र ढवळतात आणि टोकावरून ठिबकलेल्या खाऱ्या थेंबांचं बेट होतं. यादीतून एक क्रियापद घ्या आणि ३०० जीएसएमच्या (जाडजूड) कागदाचे १५ × १५ सें.मी.चे बारा तुकडे कापून प्रत्येकावर पाच मिनिटं तेवढीच क्रिया करा. बारापैकी नऊ तुकडे वाया जातील, हे धरूनच चाला. दोन क्रियापदं एकाच चित्रात घालायचा मोह पहिल्या सहा महिन्यांत तरी टाळा.

आता एक चित्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत. यात क्रियापदं एकाहून जास्त आहेत, म्हणून हे त्या सहा महिन्यांनंतरचं. कथा नासदीय सूक्ताची, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं सूक्त, सात ऋचा. अमूर्त चित्रकाराला याहून नेमकी सामग्री क्वचितच कुठे मिळेल, कारण यात आकार नाहीतच. तिसरी ऋचा म्हणते, ‘तम आसीत्तमसा गूळ्हमग्रे’, अंधार अंधारानेच झाकलेला होता. म्हणजे अंधार दोन हवेत. ट्यूबमधला काळा एकदा सपाट फासला की एकच अंधार होतो, आणि तो मेलेला दिसतो.

कॅनव्हास सुती, ६० × ७५ सें.मी. जेसोचे (रंगाआधी द्यायचं पांढरं अस्तर) दोन हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा, प्रत्येकात दहा टक्क्यांपर्यंत पाणी. मधे २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा आणि पूर्ण २४ तास ठेवा. मग ॲक्रिलिक रंगाने पहिला अंधार, तो उबदार: बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) दोन भाग, अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) एक भाग, सगळीकडे. तो वाळला की दुसरा, थंड: अल्ट्रामरीन तीन भाग, बर्न्ट अंबर एक भाग. हा दुसरा दाट लावायचा नाही. एक भाग रंगाला सहा भाग ॲक्रिलिक ग्लेझिंग मीडियम (रंग पारदर्शक करणारं बिनरंगी द्रव्य) घालून पारदर्शक लेप करा. रुंद मऊ ब्रशने लावा आणि दर लेपाला कॅनव्हासचा वेगळा भाग मोकळा सोडा. उबदार आणि थंड आळीपाळीने असे सहा-सात लेप. झालं की नाही हे बघायला शेजारी काळा कार्ड पेपर धरा. तीन मीटरवरून दोन्ही सारखेच काळे दिसले आणि हातभर अंतरावरून कार्ड सपाट पण कॅनव्हास खोल दिसला, तर थांबा. इंग्लंडच्या रॉबर्ट फ्लडने १६१७ च्या ग्रंथात सृष्टीपूर्व अवस्था म्हणून नुसता काळा चौकोन छापला आणि चारी बाजूंना ‘असंच अनंतापर्यंत’ असं लिहिलं. त्यातला काळा रंगही जवळून पाहिला तर एकावर एक गेलेल्या रेघांचा आहे.

इथे तीन गोष्टी बिघडतात. लेप दुधाळ दिसतो, कारण ओलं मीडियम पांढरंच असतं. घाबरून वर आणखी रंग चढवू नका, ते पारदर्शक होईपर्यंत वाट बघा. खालचा लेप ब्रशबरोबर उचलला जातो, कारण तो वाळलेला नसतो किंवा एकाच जागी ब्रश तीनदा फिरलेला असतो. आणि मीडियमची काटकसर करून नुसतं पाणी वाढवलं तर रंगातला बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट भाग, विरळ होतो. वाळल्यावर ओलं पांढरं फडकं फिरवून बघा, रंग फडक्याला आला तर तो लेप टिकणार नाही. त्यावर मीडियमचा एक हात देऊन बांधून घ्या.

खानदेशातल्या हवेचा इथे वेगळा विचार करावा लागतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पुस्तकांत दिलेले वाळण्याचे वेळ सगळे खोटे ठरतात. सकाळी सहा ते नऊ हीच कामाची वेळ. कूलरचा झोत थेट कॅनव्हासवर नको, झोताकडची बाजू आधी वाळते आणि लेपाच्या कडा डागांसारख्या दिसू लागतात. फरशीवर ओलं गोणपाट पसरा, पॅलेटवर अधूनमधून पाण्याचा फवारा मारा. रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घालायचा तर रंगाच्या दहा टक्क्यांच्या आत, जास्त झाला की पृष्ठभाग दिवसेंदिवस चिकट राहतो आणि लूची सगळी धूळ त्यावर बसते. पावसाळ्यात उलटं होतं: लेप सावकाश वाळतो आणि कागदावर बुरशी धरते, म्हणून अभ्यासाचे तुकडे भिंतीला टेकवून न ठेवता दोरीवर टांगा.

त्याच ऋचेत पुढे येतं, ‘तपसस्तन्महिनाजायतैकम्’, तापाच्या सामर्थ्याने ते एक जन्मलं. क्रियापद: तापणं. इथे पिवळा ओतला की सूर्य होतो आणि पुन्हा कॅलेंडर. त्यापेक्षा काढून घ्या. शेवटचा थंड लेप ओला असतानाच मुठीएवढ्या जागी दमट सुती फडक्याने पुसा, म्हणजे खालचा उबदार अंबर उघडा पडेल. जागा मध्यबिंदूपासून सरकलेली असू द्या. पुसायला उन्हाळ्यात जेमतेम अर्धा मिनिट मिळतो, हिवाळ्यात तीन-चार. मग त्याच भागावर बर्न्ट सिएनाचे (तांबूस तपकिरी) तीन पातळ लेप. कडा बोटाने विरवा. नेमकी कड राहिली की तिथे वस्तू दिसते, आणि वस्तू तर अजून जन्मलेली नाही.

पाचव्या ऋचेत ‘तिरश्चीनो विततो रश्मिरेषाम्’ असं आहे. रश्मि म्हणजे किरण, तसाच दोर किंवा लगामही. तिरपा ताणलेला दोर. हे काम सुताराच्या दोरीने अक्षरशः करता येतं. दोन मिलिमीटर जाडीची सुती दोरी घ्या, तिला गेरू आणि पिवडीची (पिवळ्या मातीची) सारखी मिसळलेली कोरडी पूड चोळा. नुसता गेरू काळ्यावर मळका दिसतो. कॅनव्हास जमिनीवर आडवा ठेवा आणि खाली फ्रेमच्या आतल्या मापाची प्लायवूडची पाटी सरकवा, नाहीतर कापड खाली दबतं आणि रेघ मधेच तुटते. दोरी एकदा झटका, जास्तीची पूड गळू द्या. दोघांनी दोन टोकं ताणून धरायची, एकाने मध्यावर पाच-सहा सें.मी. उचलून सोडायची. एकदाच. दुसऱ्यांदा मारलेली रेघ पहिलीवर कधीच बसत नाही. पूड बसवायला एक भाग मीडियम आणि तीन भाग पाणी बारीक फवाऱ्याने, अर्ध्या मीटरवरून, दोन हलक्या फेऱ्यांत मारा. इथे ब्रश लावला की सगळं पुसलं.

ही रेघ ओढताना न्यूयॉर्कचा चित्रकार बार्नेट न्यूमन आठवावाच लागतो. २९ जानेवारी १९४८ ला, स्वतःच्या वाढदिवशी, त्याने तपकिरी-तांबड्या कॅनव्हासच्या मधोमध उभी टेप लावली, तिच्यावर लाल रंग लावून पाहिला आणि थांबला. पुढचे कित्येक महिने तो ते छोटं चित्र, साधारण ६९ × ४१ सें.मी.चं, नुसतं बघत राहिला. ‘वनमेंट १’ हेच ते. त्यामागे उत्पत्तीतलं ‘वेगळं करणं’ आहे, पण जवळ गेलं की दिसतं की त्याची पट्टी दोन भाग तोडते तशीच त्यांना जोडूनही धरते. आपल्या सूक्तातला दोर तिरपा आहे, त्याचा उभा. दोन्ही करून शेजारी ठेवा. तिरपी रेघ चित्राला ओढून नेते, उभी रेघ बघणाऱ्याला समोर उभं करते. पूर्व-पश्चिमेची तुलना लिहून जेवढी कळते त्याहून जास्त इथे कळते.

टेपने विभाजन करायचं असेल तर २४ मिलिमीटरची मास्किंग टेप लावून तिच्या कडेवर आधी खालचाच रंग किंवा पारदर्शक मीडियम फिरवा. कडेखाली शिरायचं ते हेच शिरतं आणि वरचा रंग स्वच्छ थांबतो. टेप रंग ओलसर असतानाच, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर खेचून काढा. उन्हाळ्यात ती दिवसभर राहिली तर गोंद कॅनव्हासवर उरतो. चीनच्या पांगू या आदिपुरुषाच्या कथेत हेच विभाजन सावकाश होतं, १८,००० वर्षं आकाश रोज थोडं उंच होतं आणि जमीन रोज थोडी जाड. त्यासाठी टेप नकोच. नऊ दिवस, रोज एक लेप, वरच्या पट्ट्यात रोज थोडा जास्त पांढरा आणि खालच्यात रोज थोडी जास्त जाडी.

दुभंगण्यासाठी हिरण्यगर्भ, म्हणजे सृष्टीचं सोनेरी अंडं. छांदोग्य उपनिषदात अंडं वर्षभर पडून राहतं आणि मग फुटतं, रुपेरी अर्धं पृथ्वी होतं, सोनेरी अर्धं आकाश. गुलेर या पहाडी संस्थानातल्या चित्रकार मानकूने १७४० च्या सुमारास रंगवलेलं हिरण्यगर्भाचं चित्र वाराणसीच्या भारत कला भवनात आहे: काळसर पाण्याची वलयं आणि त्यात सोनेरी अंडं, बाकी काही नाही. आधी पाण्याकडे बघा, चित्र त्या वलयांवर उभं आहे. आपल्याकडे अशी वलयं फुकट मिळतात. घड उतरवल्यावर केळीचा खांब शेतात पडलेला असतो. त्याचा दहा सें.मी.चा आडवा काप घ्या, एकात एक गुंडाळलेल्या पापुद्र्यांचा ठसा उमटतो. कापल्यावर दोन-तीन तास उभा ठेवून पाणी गळू द्या, वर्तमानपत्राने टिपा, मगच दाट रंग लावून दाबा. ओल्या कापाने नुसता चिखल होतो. केळीच्या चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, जुने कपडे घाला. सोनेरी वर्खाऐवजी पिवडीवर बर्न्ट सिएनाचा लेप द्या. बाजारातला नकली सोनेरी वर्ख पितळेचा असतो, वर वार्निश नसेल तर काळवंडतो.

मिसळण्यासाठी ओल्या कागदावर जलरंग आणि त्यात मीठ. जाडं मीठ कागदाची चकाकी नुकती उतरताना टाका. फार ओलं असेल तर विरघळून जातं, वाळत आलं असेल तर काहीच होत नाही. पूर्ण वाळल्यावर मिठाचा कण न् कण झटका, राहिलेलं मीठ पावसाळ्यात ओल ओढतं. दोन पाणी भेटतात म्हणजे काय होतं हे बघायला चांगदेवला तापी आणि पूर्णेच्या संगमावर अर्धा तास बसणं उपयोगी पडतं. स्वीडनची चित्रकार हिल्मा आफ क्लिंट हिने १९०६-०७ मध्ये आदिम गोंधळावर २६ छोटी चित्रं केली, तिथे निळा स्त्रीचा, पिवळा पुरुषाचा आणि दोन्ही मिळून हिरवा. असा एक रंगनियम आधीच ठरवून घेतला की मिसळण्याला अर्थ येतो, नाहीतर सगळं करडं होतं.

घुसळण्याला मॉडेलिंग पेस्ट (उठाव देणारा जाड ॲक्रिलिक लगदा) आणि घरची जुनी रवी पुरे. जाडी पाच मिलिमीटरच्या खाली ठेवा, नाहीतर वरचा पापुद्रा आधी वाळून तडे जातात.

तड्यांवरून शेतातल्या काळ्या मातीबद्दल. अजिंठ्याच्या भिंतींवर मातीचा गिलावा आणि मातीचे रंग टिकले, मग आपली माती का नको, असं वाटणं साहजिक आहे. पण काळी माती ओलीने फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच कॅनव्हासवर होतं. वापरायचीच तर बादलीत रात्रभर भिजवा, ढवळून एक मिनिट थांबा, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, वाळू खाली राहील. हे तीनदा करा. दुसऱ्या दिवशी वरचं निवळ काढून गाळ मलमलीतून गाळा, वाळवा, कुटा. एक भाग मातीला तीन भाग ॲक्रिलिक मीडियम, आणि कॅनव्हासऐवजी लाकडी बोर्ड, कारण बोर्ड हलत नाही. कागदासाठी बाभळीचा डिंक: एक भाग डिंक, दोन भाग गरम पाणी, रात्रभर ठेवून गाळा, थोडा मध आणि बुरशी टाळायला लवंगतेलाचे दोन थेंब. हे मिश्रण कॅनव्हासवर नको, कापड हललं की सुटून येतं. तैलरंग वापरणाऱ्यांनी चित्रकार काझिमिर मालेविचचा १९१५ चा ‘काळा चौकोन’ बघावा. खालचे थर पुरते वाळण्याआधी वर काळा चढला आणि आज तो भेगांनी भरलेला आहे.

परत आपल्या चित्राकडे. पाचव्याच ऋचेत प्रश्न आहे, ‘अधः स्विदासीदुपरि स्विदासीत्’, ते खाली होतं की वर होतं? हा प्रश्न रचनेची कसोटी म्हणून वापरा. दर लेपानंतर कॅनव्हास उलटा करा आणि पुढचा लेप त्याच अवस्थेत द्या. एका बाजूने चित्र तोलतं आणि उलटं केल्यावर पडतं, तर तिथे जमीन आणि आकाश शिरलं आहे. सहसा दोष खालच्या जड कडेत असतो. एक थंड लेप त्या कडेपासून आत ओढा आणि पुन्हा फिरवा. सही पुढे करू नका. ती मागे फ्रेमच्या लाकडावर, तारखेसकट करा आणि अडकवायच्या कड्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही पट्ट्यांना लावा.