वाहिनीत ‘ईपी’ व्हायचंय? मग कागद वाचायला शिका

मराठी वाहिनीच्या फिक्शन विभागात शिरायचं तर आधी दोन प्रकारच्या ‘ईपी’तला, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरमधला (कार्यकारी निर्माता), फरक माहीत हवा. निर्मितीसंस्थेचा ईपी तारखा, सेट, माणसं आणि पैसा सांभाळतो. वाहिनीचा ईपी गोष्ट सांभाळतो. वन लाइन (भागात काय घडणार त्याचा थोडक्यात आराखडा), पटकथा, संवाद, एडिट, प्रोमो, सगळं त्याच्या नजरेखालून जातं. तुम्हाला ही दुसरी खुर्ची हवी असली तरी वर्षभर सेटवर सहायक दिग्दर्शक म्हणून काढा. कंटिन्युइटी (एका सीनचा दुसऱ्याशी कपडे, वस्तू, वेळ यांचा मेळ) लिहिलेल्या माणसाला कागदावरचा सीन किती तास खाणार ते दिसतं. ‘मांडव, तीस माणसं, अचानक पाऊस’ ही एकच ओळ अख्खी शिफ्ट गिळते.

मुलाखतीला जाताना त्याच वाहिनीवरच्या एका चालू मालिकेचे सोमवार ते शनिवारचे भाग बघा आणि एक पान लिहून न्या: प्रत्येक ब्रेकआधी काय घडलं, कुठला सीन काढला असता तरी चाललं असतं, पुढच्या आठवड्याची तुमची वन लाइन काय. पदवीपेक्षा हे पान जास्त बोलतं. एकांकिका लिहिल्या-बसवल्या असतील तर जरूर सांगा. त्याची किंमत इथे कळते.

आता मिनिटांचा हिशेब. नियमाप्रमाणे जाहिराती आणि वाहिनीचे स्वतःचे प्रोमो मिळून तासाला 12 मिनिटं, म्हणजे अर्ध्या तासाला 6. उरलेल्या 24मधून शीर्षक, रिकॅप आणि उद्याची झलक वजा केली की गोष्टीला 21-22 राहतात. संवाद हातात आले की मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचलं की वेळ हमखास कमी भरतो. भाग 18 मिनिटांचाच भरला तर एडिटमध्ये रिअ‍ॅक्शन ताणल्या जातात आणि एकाच सासूबाई तीनदा दचकतात.

खोट वन लाइनवर सापडली तर फोनवर मिटते, एडिटमध्ये सापडली तर रीशूट. म्हणून वन लाइनवरच विचारायचं: आज कोणाला काय कळलं, आणि त्यामुळे उद्या कोण काय करणार? उत्तर नसेल तर तो भाग भरतीचा आहे.

बँक, म्हणजे तयार भागांचा साठा, सहा-आठ भागांची असली तर झोप लागते. दोनवर आली की दुसरं युनिट लावावं लागतं आणि खर्च चढतो. पण फार मोठी बँकही अडकवते. वटपौर्णिमेचा भाग चित्रित झाला आणि मध्ये एखादा विशेष कार्यक्रम घुसला, तर सगळे भाग एक दिवस पुढे सरकतात आणि नायिका सणाच्या दुसऱ्या दिवशी वडाला दोरा गुंडाळते. सणाचा भाग कधीही सलग कथेत घट्ट विणू नका. पुढे-मागे हलवता येईल असा सुटा ठेवा.

तारखांचा घोळ बहुतेक शनिवार-रविवारी होतो, कारण कलाकारांचे नाटकाचे प्रयोग असतात. ठाण्याच्या घोडबंदरच्या सेटवरून दादरचं शिवाजी मंदिर नाट्यगृह गाठायचं तर त्यांना दुपारीच सोडावं लागतं. बालकलाकार असेल तर निर्मात्याकडे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आहे ना, ते आधी बघा. दिवसाला 5 तास, सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही. त्याचे सीन सकाळीच उरका.

गुरुवारी रेटिंग येतं: शनिवार ते शुक्रवारच्या आठवड्याचं, महाराष्ट्र-गोवा बाजारपेठेचं. नुसता एकूण आकडा बघून लेखकावर धावून जाऊ नका. पोहोच आणि बघण्याचा वेळ वेगळे करा. पोहोच घसरली तर माणसं आलीच नाहीत. दोष प्रोमोचा, आधीच्या मालिकेचा किंवा समोर चाललेल्या क्रिकेट सामन्याचा असू शकतो. माणसं आली पण लवकर उठून गेली, तर मात्र दोष गोष्टीत. मग मिनिटागणिक आलेख काढा आणि ब्रेक सोडून कुठे गळती लागली तो सीन शोधा. गणपतीत अर्धा महाराष्ट्र संध्याकाळी घराबाहेर असतो. त्या आठवड्याच्या आकड्यावरून कथेचा ट्रॅक बदलू नका, पुढचे दोन गुरुवार जाऊ द्या.