‘हीच कंपनी घे’ म्हणणाऱ्यांचं किती ऐकायचं? गाडी घेण्याआधी मालकांची मतं तोलण्याची पद्धत

गाडी घ्यायचं ठरलंय हे चार लोकांना कळलं की सल्ले सुरू होतात. मारुतीला मरण नाही. टाटाचा पत्रा दणकट. टोयोटा घे आणि विसरून जा. जर्मन गाडीच्या नादाला लागू नकोस. यातलं प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी खऱ्या अनुभवातून आलेलं असतं. पण तो अनुभव एका ठरावीक इंजिनाचा, ठरावीक वर्षाच्या गाडीचा आणि बहुतेक वेळा एकाच सर्व्हिस सेंटरचा असतो. सांगताना मात्र सगळं कंपनीच्या खात्यावर टाकलं जातं. म्हणून मत तोलायचं तर आधी ते कंपनीच्या खात्यातून काढून त्या एका गाडीच्या नावावर लावावं लागतं.

१. विचारायला जाण्याआधी गाडी नेमकी करा

कागदावर चार गोष्टी लिहा: मॉडेल, इंजिन, गिअरबॉक्स आणि उत्पादनाचं वर्ष. वर्ष अशासाठी की १ एप्रिल २०२० ला बीएस६ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि १ एप्रिल २०२३ ला त्याचा दुसरा टप्पा आला. दोन्ही वेळा बरीच इंजिनं बदलली, काही बंदच झाली. २०१७ ची डिझेल गाडी चालवणाऱ्याचं मत आजच्या गाडीला लागू पडेलच असं नाही.

‘फोक्सवॅगन-स्कोडाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जातो’ हे तुम्ही कधी ना कधी ऐकाल. ही ख्याती मुख्यतः डीक्यू२०० या सात गिअरच्या डीएसजीची, म्हणजे फोक्सवॅगनच्या एका ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. त्यात दोन कोरडे क्लच असतात. ते तेलात बुडालेले नसल्यामुळे इंचाइंचाने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तापतात, आणि त्यांना चालवणारं मेकाट्रॉनिक युनिट हा महागडा भाग आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या याच गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल घालण्यासाठी परत बोलावल्या होत्या. तेव्हा तक्रारीत तथ्य आहे. पण २०२२ च्या स्कोडा स्लाव्हिया किंवा फोक्सवॅगन व्हर्टसला एक लिटरच्या इंजिनासोबत ऑटोमॅटिक म्हणून सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (असे कोरडे क्लच नसलेला, तेलातून ताकद पोचवणारा प्रकार) येत होता. डीएसजी होता तो दीड लिटरला. एक लिटरवाली घेणाऱ्याने डीएसजीच्या कहाण्या ऐकून घाबरण्यात अर्थ नाही. दीड लिटरवाली घेणाऱ्याने मात्र समोरच्याला पहिला प्रश्न हाच करावा की तुमची गाडी २०१३ च्या आधीची की नंतरची.

उलट उदाहरण फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेलचं. हे इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये होतं, टाटाच्या इंडिका व्हिस्टात होतं आणि फियाटच्या पुंटोतही होतं. स्विफ्टवाले गाडीचे गोडवे गायचे, पुंटोवाले पार्ट कधी येणार म्हणून वाट बघत बसायचे. इंजिनाचं कूळ एकच होतं, फरक होता तो सर्व्हिसच्या जाळ्याचा.

२. माणसं निवडा

नव्याचे नऊ दिवस हा नियम गाडीला सगळ्यात जास्त लागू पडतो. नुकतेच पंधरा लाख मोजलेला माणूस गाडीला नावं ठेवत नाही, कारण ती त्याच्या स्वतःच्या निवडीला नावं ठेवल्यासारखी होतील. सहा महिन्यांच्या आतल्या मालकाकडून सीट, एसी, लाइट आणि डिलिव्हरीच्या वेळची वागणूक एवढंच विचारा. त्याच्या ‘एकदम मस्त’ला किंमत देऊ नका. ओळखीतून गिऱ्हाईक आणल्यास काही डीलर भेटवस्तू देतात, तेही ध्यानात असू द्या.

उपयोगी माणूस म्हणजे तीन ते पाच वर्षं जुनी, चाळीस ते ऐंशी हजार किलोमीटर झालेली गाडी चालवणारा. शक्यतो वॉरंटी संपलेला. सस्पेन्शनमधला लिंक रॉड, शॉकअप, क्लच प्लेट, एसीची कूलिंग कॉइल, बॅटरी यांचे प्रश्न याच काळात निघतात आणि पैसे स्वतःच्या खिशातून जायला लागतात.

असे लोक एकत्र भेटतात सर्व्हिस सेंटरच्या वेटिंग रूममध्ये, शनिवारी सकाळी. हातात जॉब कार्ड असतं, गाडी मिळायला दोन तास असतात आणि बोलायला कुणीतरी हवंच असतं. तासाभरात तीन-चार जणांशी बोलणं होतं.

बाहेरच्या गॅरेजवाल्याला ‘कोणती गाडी चांगली’ विचारू नका. त्याला विचारा, ‘या मॉडेलच्या गाड्या तुमच्याकडे कशासाठी येतात?’ उत्तरात पार्टची नावं येतील, ती लिहून घ्या. त्याचं मतही जरा चाळूनच घ्यावं लागतं. ज्या गाडीचा स्कॅनर त्याच्याकडे नाही, ती गाडी त्याच्या मते हमखास भिकार असते.

पिवळ्या नंबरप्लेटवाल्या ड्रायव्हरची गाडी लाखाच्या पुढे गेलेली असते. सस्पेन्शन, क्लच आणि सीएनजीबद्दल त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. ऑटोमॅटिक आणि टचस्क्रीनबद्दल मात्र त्याला विचारून उपयोग नाही.

ज्यांनी गाडी विकून टाकली ते लोक सहसा निसटतात. ते ना वेटिंग रूममध्ये असतात, ना सोसायटीच्या पार्किंगमध्ये. असे किमान दोघे शोधा आणि का विकली ते विचारा. बदली, मोठं कुटुंब ही कारणं निरुपद्रवी. ‘वॉरंटी संपायच्या आत काढली’ हे उत्तर आलं तर खुर्ची जवळ ओढा.

एकूण आठ-दहा माणसं पुरेत, पण त्यातले चार तरी तुमच्याच गावातले, तुम्ही जाल त्याच सर्व्हिस सेंटरवर जाणारे हवेत. हवामान आणि रस्तेही जुळवा. एसीचं मत मे महिन्यातल्या नागपूर-चंद्रपूरवाल्याचं घ्या, खालच्या पत्र्याला गंज चढतो का हे मालवण-रत्नागिरीवाल्याला विचारा, क्लच किती टिकतो ते ठाण्याच्या घोडबंदर रोडवर रोज अडकणाऱ्याला.

३. ‘गाडी कशी आहे?’ हा प्रश्न बाद

त्याला उत्तर एकच येतं: चांगली आहे. त्याऐवजी प्रत्येकाला हेच विचारा: आज किती किलोमीटर झाले, पहिला बिघाड किती किलोमीटरला आला, कोणता पार्ट बदलला, गाडी किती दिवस आत होती, पैसे कुणी भरले, तोच बिघाड पुन्हा आला का.

समजा कुणी म्हणालं, ‘पुढून आवाज येतो, बेकार गाडी आहे.’ इथे थांबू नका. कधी येतो? हळू वेगात खड्ड्यातून जाताना टकटक होते. किती किलोमीटरला सुरू झाला? अडतीस हजार. काय बदललं? लिंक रॉड, दोन्ही बाजूचे. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरांवर लिंक रॉड हा झिजणारा भाग आहे, तो बदलला आणि आवाज गेला तर तक्रार तिथेच मिटली. पण चार महिन्यांत टकटक परत आली, मग लोअर आर्म बदलला, मग स्टिअरिंग रॅक उघडला, असं असेल तर एकतर सर्व्हिस सेंटरला रोग सापडत नाही किंवा भागच कमजोर आहे. दोन्ही तुमच्या कामाचं. ‘बेकार गाडी’ या शब्दांतून यातलं काहीच कळलं नसतं.

खर्चाचंही तसंच. ‘सर्व्हिसला पंधरा हजार गेले’ म्हणणारा वर्षाला वीस हजार किलोमीटर फिरत असेल तर किलोमीटरमागे पाऊण रुपया पडला. ‘फक्त आठ हजार’ म्हणणारा सहा हजार किलोमीटरच फिरला असेल तर त्याला १ रुपया ३३ पैसे पडले. स्वस्त वाटणारी गाडी महाग निघाली. जमल्यास बिलच बघायला मागा. त्यात इंजिन डिकार्बनायझिंग, एसी डिसइन्फेक्शन, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग अशा ओळी दिसल्या तर त्या वजा करा. यातलं बरंचसं सर्व्हिस ॲडव्हायझर गळ्यात मारतो, त्याचा दोष गाडीकडे जात नाही. विम्याचा हप्ता आणि ठोकल्याचा खर्च मिसळून सांगणारेही पुष्कळ. तोही वेगळा काढा.

४. मायलेजचा आकडा कुठून आला ते बघा

कंपनी सांगते तो आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत रोलरवर गाडी चालवून, ठरलेल्या चक्रानुसार काढलेला असतो. तिथे खड्डा नाही, सिग्नल नाही. डॅशबोर्डवरचा आकडाही सहसा थोडा वाढवूनच दाखवतो. ग्राह्य धरायचा तो टाकी ते टाकी काढलेला: नोझल आपोआप बंद पडेपर्यंत भरायचं, ट्रिप मीटर शून्य करायचा, तीन-चारशे किलोमीटर चालवायचं, त्याच पंपावर तसंच भरायचं आणि भागायचं. ४१२ किलोमीटरला २८.६ लिटर लागलं तर १४.४. असं मोजलेलं नसेल तर ‘अठरा देते’ हा अंदाज समजा.

पेट्रोल गाडी असेल तर आकडा कोणत्या वर्षीचा तेही विचारा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या ई२० मध्ये शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी पडते. ‘आधी जास्त द्यायची, आता कमी देते’ या तक्रारीचा काही भाग पंपावरूनच आलेला असतो.

५. बिघाड, स्वभाव आणि चुकीचा वापर वेगळा करा

एएमटी प्रकारच्या ऑटोमॅटिक गाडीत पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला मान पुढे जाते. हा तिचा स्वभाव. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर क्लच जळणारच, तो चालवणाऱ्याचा दोष.

बीएस६ डिझेलमधला डीपीएफ हा धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. ती काजळी जाळायला पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने गाडी पळवावी लागते. रोज चार किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्याच्या गाडीत डॅशबोर्डवरचा डीपीएफचा दिवा वारंवार पेटतो, दर आठवड्याला सोलापूर-पुणे करणाऱ्याला तो माहीतही नसतो. दोघंही खरं बोलतात. तुमची धाव कुणासारखी आहे ते बघा आणि त्याचंच मत धरा.

एवढं गाळल्यावर जे उरतं त्याचं वजन करा. ब्रेक, स्टिअरिंग, चालताना इंजिन बंद पडणं, आगीचा धोका यापैकी एकच पक्की तक्रार असली तरी मुळापर्यंत जा. रस्त्यात उभं करणारे बिघाड त्याखालोखाल. दाराच्या पॅनलची किरकिर, लटकणारी टचस्क्रीन यांना वैताग म्हणून एक ओळ पुरे. आणि तोच पार्ट, साधारण तेवढ्याच किलोमीटरला, एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांकडून ऐकला तर तो योगायोग मानू नका. मात्र तिघांनीही स्वतःच्याच गाडीबद्दल सांगितलेलं हवं, मेव्हण्याच्या मित्राच्या गाडीबद्दल नव्हे.

६. जुळी गाडी असेल तर तिच्या मालकांनाही गाठा

काही गाड्या जवळपास तशाच दोन कंपन्यांच्या नावाने विकल्या जातात. कंपनीच्या नावाचा परिणाम वेगळा काढायचा हा सर्वांत सोपा मार्ग, आणि तो फारसं कुणी वापरत नाही. मारुती-टोयोटाच्या बलेनो आणि ग्लान्झा, अर्टिगा आणि रुमियन; स्कोडा-फोक्सवॅगनच्या कुशाक आणि टायगुन. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर तर २०२२ मध्ये आल्या तेव्हा दोन्ही कर्नाटकात बिडदीच्या टोयोटा कारखान्यातच बनत होत्या. दोन्ही नावांच्या मालकांकडून तीच तक्रार आली तर ती गाडीची. एकाच नावाकडून आली तर ती बहुधा विक्रीची किंवा सर्व्हिसची. मग तुमच्या गावात दोघांपैकी ज्याचं सर्व्हिस सेंटर बरं, त्याचं चिन्ह घ्यावं.

७. ऐकलेलं कागदाशी ताडून बघा

जुनी गाडी घेत असाल तर चेसिस नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉल तपासा. परत बोलावलं होतं हा डाग नाही, बोलावूनही मालक गेला नाही हा आहे. ‘पत्रा दणकट’ या मताला सुरक्षेचा पुरावा समजू नका. त्यासाठी क्रॅश टेस्टचे तारे बघा, आणि तारीखही. २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या क्रॅश टेस्ट करणाऱ्या संस्थेचे पाच तारे मिळाले त्यापेक्षा तिची २०२२ पासूनची चाचणी कडक आहे, आणि भारत एनकॅप ही आपल्याकडची चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली. वेगवेगळ्या काळचे तारे शेजारी ठेवून तुलना होत नाही.

‘पार्ट महाग’ हे मत पडताळायला दहा मिनिटं लागतात. स्पेअर काउंटरवर पुढचा बंपर, एक हेडलॅम्प, समोरची काच, क्लच सेट आणि एसी कॉम्प्रेसर यांचे भाव आणि मिळायला लागणारे दिवस विचारा. शेजारच्या कंपनीच्या काउंटरवरही तेच पाच विचारा.

ऐंशी टक्के समाधान झालं आणि एकाच पार्टबद्दल शंका उरली, तर एक्स्टेंडेड वॉरंटीचं पत्रक शोरूममधून आधीच घरी आणा. मोठ्या अक्षरातली पाच वर्षं वाचून पुढे जाऊ नका. शेवटच्या पानावरच्या वगळलेल्या भागांच्या यादीत तुमच्या वहीतला तो पार्ट शोधा. तो त्या यादीत असेल, तर दुसरं इंजिन किंवा दुसरा गिअरबॉक्स बघायला अजून वेळ आहे. बुकिंगची रक्कम भरलेली नाही तोवर.