ऑलिव्हच्या लाकडाचा चमचा कसा कोरावा

ऑलिव्हचा तुकडा पहिल्यांदा हातात घेतला की आधी त्याचं वजन जाणवतं. वाळलेल्या सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो भरतं, तर ऑलिव्हचं साडेनऊशेच्या आसपास. मधाच्या रंगावर गडद तपकिरी, नागमोडी रेषा असतात आणि कापताना गोडसर वास घरभर पसरतो. बेथलेहेमचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंसाठी याच लाकडाच्या मूर्ती आणि जपमाळा कोरत आले आहेत. त्यासाठी झाड तोडत नाहीत, छाटणीत निघालेल्या फांद्या वापरतात.

ठाण्याच्या वखारीत हे लाकूड मिळण्याची आशा धरू नका. छोटे तुकडे ऑनलाइन मागवता येतात. मागवताना ‘ओलिया युरोपिया’ हेच शास्त्रीय नाव आहे ना, ते बघा. पूर्वेकडच्या जलपाईलाही ‘इंडियन ऑलिव्ह’ म्हणतात, पण ते झाड वेगळ्या कुळातलं. चमच्यासाठी १८ सेंटिमीटर लांब, ५ रुंद आणि अडीच जाड तुकडा पुरतो. हत्यारं घ्यायला मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठावी. एक लहान करवत, कोरायची सुरी, १५ ते २० मिलिमीटर रुंदीची वाकडी गोल पटाशी (गोलाकार पात्याची छिन्नी) आणि दोन शिकंजे (क्लॅम्प) एवढंच लागतं.

तुकडा आला की लगेच कोरायला बसू नका. हे लाकूड तेलकट आणि दाट असल्यामुळे फार सावकाश वाळतं, आणि घाई केली की तडकतं. माझा पहिला तुकडा मी मे महिन्यात नौपाड्यातल्या आमच्या बाल्कनीत उन्हात ठेवला होता. दुसऱ्या दिवशी टोकापासून मधोमध तडा गेलेला. तेव्हापासून मी दोन्ही टोकांना मेण लावतो, तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि कपाटाखाली सावलीत ठेवतो. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून तुकड्यावरच पेन्सिलीने लिहितो. सलग तीन-चार आठवडे आकडा हलला नाही की लाकूड तयार झालं. पावसाळ्यात मात्र हा आकडा फसवतो, कारण आपल्या दमट हवेतला ओलावा लाकूड पुन्हा ओढून घेतं. त्यामुळे कोरायचं काम दिवाळीनंतर काढलेलं बरं.

आता चमचा आखा. रेषा दांड्याच्या लांबीने धावायला हव्यात. मानेपाशी त्या आडव्या गेल्या तर चमचा तिथेच मोडणार.

पहिल्यांदा चमच्याची वाटी, म्हणजे खोलगट भाग कोरायचा, बाहेरचा आकार नंतर. ठोकळा चौकोनी आहे तोवर शिकंज्यात घट्ट बसतो. गोल पटाशीने काठाकडून मध्याकडे, रेषांना आडवं, पातळ पापुद्रे काढत जा. तळाशी पोचलात की थांबा आणि समोरच्या काठाकडून पुन्हा मध्याकडे या. खोली ८ ते १० मिलिमीटर पुरे. मोगरीने, म्हणजे लाकडी हातोड्याने ठोकावं लागलं तर मेजाखाली रबरी चटई घाला आणि दुपारी दोन ते चार काम बंद ठेवा, खालच्या मजल्यावरची माणसं विश्रांती घेत असतात.

मग करवतीने बाहेरचा आकार कापा आणि सुरी हातात घ्या. खरी परीक्षा इथेच आहे. सागात रेषा एका दिशेने जातात. ऑलिव्हमध्ये त्या बोटभर अंतरात दिशा बदलतात, एकमेकींत गुंततात. सुरी नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे, उतारावरून चालवा. लाकूड गुळगुळीत न कापता कुसळासारखं उपटायला लागलं की त्याच जागी जोर लावू नका. तुकडा फिरवून उलट बाजूने या. दोन्ही बाजूंनी उपटत असेल तर सुरी ठेवून द्या आणि पोलादी पातं उभं धरून खरवडा. ऑलिव्ह खरवडून फार सुरेख होतं, चकाकी तिथेच दिसू लागते. दर दहा मिनिटांनी धार जुन्या कातडी पट्ट्यावर घासून घ्या. बोथट सुरीला जोर लागतो, आणि जोर लावताना सुटलेली सुरी हातात घुसते. तुकडा धरलेल्या हातात जाड हातमोजा हवाच. वाटीची कड ४-५ मिलिमीटरपेक्षा पातळ करू नका.

घासताना नाकावर एन-९५ मास्क लावा. लाकडाची भुकटी फुप्फुसांना वाईट, आणि ऑलिव्हची भुकटी काहींच्या डोळ्यांना आणि त्वचेलाही झोंबते. १२०, १८०, २४०, मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर अशा क्रमाने घासा. तेलामुळे पेपर लवकर भरतो, तो ब्रशने झटका. २४० झाल्यावर चमचा ओल्या फडक्याने पुसून रात्रभर वाळू द्या. बसलेले तंतू उभे राहतात, ते ४०० ने उतरवा. हे टाळलंत तर पहिल्याच आमटीत चमचा खरखरीत होईल.

शेवटी तेल. ऑलिव्ह आहे म्हणून ऑलिव्हचंच तेल लावू नका, ते सुकत नाही आणि काही दिवसांनी खवट वास मारतं. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेलही नको, त्यात बहुधा धातूंचे क्षार असतात. मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन चांगलं. पहिला हात बसला की रेषा एकदम काळ्याभोर उठून येतात. अर्ध्या तासाने जास्तीचं पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात द्या. वापरायला लागल्यावर चमचा पाण्यात भिजत ठेवू नका. धुऊन, पुसून उभा ठेवा, आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी तेलाचा आणखी एक हात द्या.