रीमेकला मिळालेले गुण आणि त्याचा खप कसा वाचावा

जुन्या हँडहेल्ड गेमचा रीमेक घ्यावा की नाही, हे ठरवताना आपण बहुतेक वेळा दोनच आकडे पाहतो: समीक्षकांचे गुण आणि विकल्या गेलेल्या प्रती. हे दोन्ही आकडे खरे असतात, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, आणि ते वेगळे करून वाचण्याची सवय लावून घेतली तर पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतात. उदाहरणासाठी मी ‘पोकेमॉन हार्टगोल्ड’ आणि ‘सोलसिल्व्हर’ ही निंटेंडो डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावरची, एकाच गेमच्या दोन आवृत्त्यांची जोडी घेतो. १९९९ साली जपानमध्ये आलेल्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’चा हा रीमेक तिथे सप्टेंबर २००९ मध्ये, तर अमेरिकेत आणि युरोपात मार्च २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

सुरुवात गुणांपासून करावी. ‘फामित्सू’ या जपानी साप्ताहिकात चार समीक्षक प्रत्येकी १० पैकी गुण देतात आणि त्यांची बेरीज छापली जाते. या जोडीला ४० पैकी ३७ मिळाले. मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ अनेक परीक्षणांची १०० पैकी सरासरी काढते आणि तिथे या जोडीचा आकडा ८७ आहे. मात्र ही साधी सरासरी नाही, कारण काही प्रकाशनांना जास्त वजन दिले जाते आणि ते किती, हे जाहीर केले जात नाही. म्हणून ८७ आणि ८५ यांतल्या फरकावर वाद घालण्यापेक्षा तीन-चार परीक्षणे पूर्ण वाचावीत आणि प्रत्येकात एकच गोष्ट शोधावी: समीक्षक रीमेकची तुलना कशाशी करतो आहे? मूळ गेमशी तुलना करणारा समीक्षक मागे चालत येणारा पोकेमॉन, टचस्क्रीनला साजेसे मेनू, जोटो आणि कांतो हे दोन्ही प्रदेश, सोबत मिळणारा पोकेवॉकर (पावले मोजून गेमला जोडता येणारे छोटे यंत्र) यांचे कौतुक करतो. त्याच वर्षीच्या इतर नव्या गेमशी तुलना करणारा मात्र साचा तोच राहिल्याची तक्रार करतो. दोघेही प्रामाणिक असतात. आपण कोणत्या बाजूचे खेळाडू आहोत, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

खपाच्या आकड्यांत अधिक काळजी घ्यावी लागते. पहिली चूक मिलियनचे कोटी करताना होते: १२.७२ मिलियन म्हणजे १ कोटी २७ लाख २० हजार, आणि या जोडीचा एकूण खप तेवढाच आहे. दुसरे असे की कंपनीच्या आर्थिक अहवालातला आकडा मुख्यतः दुकानदारांकडे रवाना झालेल्या प्रतींचा असतो, तर जपानी साप्ताहिकांतला आकडा ग्राहकांनी प्रत्यक्ष घेतलेल्या प्रतींचा. दोन्ही एकाच वाक्यात मिसळू नयेत. तिसरे, हा आकडा दोन आवृत्त्यांचा मिळून आहे आणि दोन्ही घेणारे चाहते कमी नाहीत, त्यामुळे तितक्या प्रती म्हणजे तितकी माणसे असे समजू नये. वापरलेल्या कार्ट्रिजची (ज्यात गेम असतो त्या छोट्या चकतीवजा डबीची) खरेदी-विक्री तर यात मोजलीच जात नाही.

सुट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, म्हणून तो त्याच यंत्रावरच्या भावंडांशेजारी ठेवून पाहावा. डीएसवर ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ १ कोटी ७६ लाखांवर गेले, ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ १ कोटी ५६ लाखांच्या पुढे, तर ‘डायमंड’-‘पर्ल’ची वाढीव आवृत्ती असलेला ‘प्लॅटिनम’ सुमारे ७६ लाखांवर थांबला. म्हणजे रीमेक पूर्णपणे नव्या जोड्यांच्या खाली राहिला, पण वाढीव आवृत्तीच्या बराच वर गेला. रीमेकसाठी ही फार चांगली जागा आहे, असे माझे मत आहे. मूळ ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ २ कोटी ३० लाखांच्या पुढे गेले होते, हे खरे. पण तेव्हा पोकेमॉनची पहिली लाट चालू होती आणि ती पुन्हा तशीच येणे शक्य नव्हते.

गुण आणि खप एकमेकांच्या विरुद्ध जातात तेव्हा ही पद्धत जास्त उपयोगी पडते. २०२१ मध्ये निंटेंडोच्या स्विच या नंतरच्या यंत्रावर आलेल्या ‘ब्रिलियंट डायमंड’ आणि ‘शायनिंग पर्ल’ या रीमेकला मेटाक्रिटिकवर ७३च्या आसपास गुण मिळाले, तरी पहिल्याच आठवड्यात ६० लाख प्रती विकल्या गेल्या. पहिल्या आठवड्याची विक्री नावावरचा विश्वास आणि घरोघरी असलेल्या यंत्रांची संख्या सांगते. खेळून समाधान झाले का, हे त्यातून कळत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी: २०१० चे परीक्षण ज्या वस्तूचे होते, तीच वस्तू आज आपल्या हातात येणार आहे का, हे तपासावे. ऑनलाइन अदलाबदलीचे कौतुक करणारे परिच्छेद सरळ खोडावेत, कारण डीएसची निंटेंडो वाय-फाय सेवा २० मे २०१४ रोजी बंद झाली. पोकेवॉकर खोक्यातच येत असे आणि तो समीक्षकांच्या आनंदाचा मोठा भाग होता. वाशीला राहणाऱ्या माझ्या भाच्यासाठी मी ठाण्यातल्या एका दुकानातून ‘हार्टगोल्ड’चे जुने कार्ट्रिज घेतले. माझा स्वतःचा पोकेवॉकर कमरेला लावून तलावपाळीला मासुंदा तलावाभोवती फिरताना दर वीस पावलांना एक वॉट (पोकेवॉकरमधला पॉइंट) जमा होताना पाहण्याचा आनंद त्यालाही मिळावा, एवढीच इच्छा होती. घरी आल्यावर पोकेवॉकर जोडलाच जाईना. कार्ट्रिज पाहिले तर कवच साधे करडे, अपारदर्शक. अस्सल ‘हार्टगोल्ड’चे कवच गडद काळपट असते आणि उजेडासमोर धरल्यावर किंचित आरपार दिसते, कारण आत पोकेवॉकरशी जोडणी करणारा इन्फ्रारेडचा भाग असतो, नकलेत तो नव्हता. ८७ गुण त्या नकलेला कुणी दिलेच नव्हते, आणि भाच्याचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.

त्यामुळे दुकानात जाताना स्वतःचा डीएस चार्ज करून सोबत न्यावा, कार्ट्रिज उजेडाकडे धरून पाहावे, मग यंत्रात घालून सुरुवातीच्या मेनूत पोकेवॉकर जोडण्याचा पर्याय प्रत्यक्ष चालवून बघावा. पोकेवॉकर आधीपासून असेल तर त्यात सीआर२०३२ सेल नवा घालूनच निघावे, म्हणजे जोडणी झाली नाही तर दोष सेलचा की कार्ट्रिजचा, हा प्रश्न दुकानाच्या काउंटरवर उरणार नाही.