इशारा पातळी आणि पश्चात्ताप

कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी आणि 43 फुटांवर धोका पातळी. मधल्या चार फुटांत नदीकाठची माणसं जनावरं हलवतात, धान्य माळ्यावर चढवतात. बायबलमधले न्यायाचे इशारे आहेत ते या चार फुटांसाठीच. यिर्मया 18:7-8 मध्ये तसा नियमच दिलाय: ज्या राष्ट्राच्या नाशाचं देव बोलला ते वाईटापासून फिरलं, तर तो अरिष्ट आणत नाही. योना संदेष्ट्यानं निनवे शहराच्या नाशाची घोषणा केली, तिच्यात जर-तर नव्हतं, नुसती 40 दिवसांची मुदत होती. तरी लोक फिरले आणि निनवे वाचलं.

सुरुवात आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकापासून करा. 1:3 ते 2:16 एका बैठकीत, मोठ्यानं वाचा. दहा मिनिटं पुरतात. आधी दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. शेजाऱ्यांची खरडपट्टी निघतेय म्हणून ऐकणारे माना डोलवत असणार. मग यहूदा, आणि शेवटी खुद्द इस्राएल. वाचताना "हे आमच्या भाऊबंदांना ऐकवायला पाहिजे" असं जिथं वाटेल, तिथं पेन्सिलीनं खूण करा. दुसऱ्या वाचनात तिथं स्वतःचं नाव घाला. नाथान संदेष्ट्यानं दावीद राजाला दुसऱ्याची गोष्ट सांगून असंच पकडलं होतं (2 शमुवेल 12).

2019 किंवा 2021च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं तेच जास्त पापी, असा हिशेब कुणी मांडत असेल तर त्याला लूक 13:1-5 दाखवा. शिलोहातला बुरूज पडून 18 जण मेले, ते इतरांपेक्षा दोषी नव्हते, असं येशूनं स्पष्ट सांगितलं आणि बोट ऐकणाऱ्यांकडंच वळवलं.

आता कबुली. "प्रभू, माझ्या सगळ्या पापांची क्षमा कर" एवढ्यावर भागवलं की काही बदलत नाही, कारण बदलायचं काय तेच ठरलेलं नसतं. कागदावर एकच गोष्ट लिहा: काय केलं, कुणाचं नुकसान झालं, किती झालं. आमोस 8:5 मध्ये माप लहान करणारे आणि खोटा तराजू वापरणारे व्यापारी आहेत. आपल्या भाषेत मापात पाप. समजा गूळ घेताना बारदानाच्या नावाखाली दर रव्यामागं (गुळाच्या ढेपेमागं) अर्धा किलो जादा कापला. 200 रव्यांचे झाले 100 किलो. किलोला 45 रुपये धरले तर 4,500. लेवीय 6:5 प्रमाणं मूळ रकमेवर पाचवा हिस्सा घालायचा, म्हणजे 900. एकूण 5,400 रुपये, आणि तेही शेतकऱ्याच्या हातात. जकातदार जक्कयानं चौपट परत द्यायचं कबूल केलं (लूक 19:8). निदान पंचमांश तरी चुकवू नका. मत्तय 5:23-24 प्रमाणं हे आधी, अर्पण नंतर. बरेच जण क्रम उलटा करतात: दानपेटीत जाडजूड पाकीट टाकतात आणि शेतकऱ्याला तोंड दाखवत नाहीत.

पण पैसे फिटले म्हणजे पश्चात्ताप झाला, असंही नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदानं त्याबद्दल मिळालेली 30 नाणी परत फेकली होती, पापही कबूल केलं होतं; तरी तो प्रभूकडं न जाता गळफासाकडं गेला. येशूला ओळखत नाही म्हणणारा पेत्रही ढसाढसा रडला, पण परत आला. इशारा वाचून नुसती भीती वाटत असेल, झोप उडाली असेल, तर यहेज्केल 33:11 वाचा: दुष्टाच्या मरणात देवाला आनंद नाही, तो फिरावा यात आहे. पुढं स्तोत्र 51 स्वतःच्या शब्दांत म्हणा. तरीही मन खचतच राहिलं, तर पाळकाशी किंवा जवळच्या माणसाशी त्याच दिवशी बोला, एकटं राहू नका.

मुदत घाला. लूक 13 मधल्या अंजिराला तीन वर्षं फळ नव्हतं, माळ्यानं एकच वर्ष जादा मागितलं. "पुढच्या लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) बघू" असं नको; या आठवड्यातला वार ठरवा.

शेतकरी वारला असेल तर रक्कम वारसाला द्या. वारसच नसेल तर गणना 5:8 प्रमाणं ती परमेश्वराची, याजकाच्या हाती द्यायची. मंडळीत देताना मात्र ती देणगी म्हणून वार्षिक अहवालात छापून घेऊ नका.