बर्फावर रात्र काढायची तर आधी अंगाखाली काय ते ठरवा

निफाडचा पारा 5-6 अंशांवर आला की आपल्याकडे द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटतात. डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या वाटेवर तंबूत झोपायचं असेल तर ही थंडी विसरा. तिथे रात्री पारा शून्याच्या बराच खाली असतो आणि तुम्ही बर्फावर आडवे झालेले असता. दर हिवाळ्यात कोणी ना कोणी मला विचारतं, "जॅकेट कोणतं घेऊ?" जॅकेटचं नंतर बघू. अंगाखाली काय घालणार ते आधी सांगा.

सॅक भरणं, औषधं, बूट हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. साल्हेर आणि कळसूबाई पाठीवर 10-12 किलो घेऊन चढत असाल तर पायथ्याच्या सांकरी गावाहून वर जायला पाय पुरतात. स्थानिक गाईड घ्याच. बुग्यालांवर, म्हणजे डोंगरातल्या उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 मध्ये बंदी घातली आहे, त्यामुळे गाईड दाखवेल त्याच जागी तंबू लावा.

चढताना घाम येऊ देऊ नका. चढ सुरू होण्याआधीच जॅकेट काढा, थांबलात की लगेच घाला.

तंबूची जागा बुटांनी तुडवून सपाट करा आणि अर्धा तास तशीच सोडा. बर्फ घट्ट बसतं. घाई केलीत तर पहाटेपर्यंत कमरेखाली खड्डा पडतो. खुंट्या भुसभुशीत बर्फात टिकत नाहीत. दोरी काटकीला बांधून काटकी आडवी पुरा, वरून तुडवा.

आता झोपणं. माझी पहिली रात्र इथेच फसली. भाड्याची जाडजूड स्लीपिंग बॅग होती आणि खाली घरची योगा मॅट. तासाभरात कमरेतून गारठा वर चढायला लागला. कूस बदलली की दुसरी बाजू बधिर. होतं नव्हतं ते सगळं अंगावर चढवलं, तरी हुडहुडी थांबेना. कारण साधं आहे. स्लीपिंग बॅग ऊब देते ती भरावात अडकलेल्या हवेमुळे. तुमच्या वजनाने खालचा भराव चेपला जातो, हवा निघून जाते, आणि तुमच्या व बर्फाच्या मध्ये उरते फक्त मॅट.

म्हणून दोन मॅट लागतात. खाली फोमची, वर हवा भरायची. फोम पाणी न पिणाराच हवा: दुकानात तुकडा मागून घ्या, पाण्यात बुडवून पिळा, पाणी निघालं तर तो घेऊ नका. पायांखाली रिकामी सॅक टाका. बॅगवर तापमानाचे दोन आकडे असतील तर आरामाचा, म्हणजे 'कम्फर्ट'चा, आकडा बघून घ्या. दुसऱ्या आकड्याला माणूस कशीबशी रात्र काढतो.

"सगळे कपडे घालून झोपा" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. दिवसभराचा घाम प्यायलेले कपडे रात्रभर अंगातली ऊब ओढत राहतात. झोपायचा कोरडा जोड वेगळा ठेवा, मोज्यांसकट, आणि तो चालताना कधीही घालू नका. सुती बनियन नाशिकलाच राहू द्या. जॅकेट बॅगवर पांघरा.

नाक-तोंड बॅगबाहेर ठेवा; श्वासाच्या वाफेने भराव ओला होतो. तंबूची झडपही थोडी उघडी हवी. मी ती घट्ट लावली होती. पहाटे कापडाला आतून पांढरं दहिवर धरलं होतं, कोपर लागलं तसं ते तोंडावर आणि बॅगवर भुरभुरलं. बूट बाहेर ठेवलेले, ते लाकडासारखे कडक. नाड्या तारेसारख्या ताठ. तेव्हापासून बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅगमध्ये पायांशी ठेवतो. मोबाइल आणि पॉवर बँकही आत. घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, ती मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवा.

ब्रँडीने ऊब येते असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि शरीरातली उष्णता बाहेर जाते. बंद तंबूत स्टोव्ह तर कधीच पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही, झोपेतच जीव जातो.

जेवण सोपं आहे: तूप घातलेली खिचडी, झोपताना मूठभर गूळ-शेंगदाणे. बर्फ वितळवताना भांड्यात आधी थोडं पाणी घाला, नाहीतर भांडं करपतं. रात्री लघवीला लागली तर दाबून धरू नका, उठा.

कोणाचं कुडकुडणं अचानक थांबलं, जीभ जड झाली, किंवा डोकेदुखीबरोबर उलट्या सुरू झाल्या, तर लगेच गाईडला उठवा. डोकेदुखी-उलट्या, म्हणजे उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास असेल तर सकाळची वाट न बघता त्याच्याबरोबर खाली उतरा.

हे सगळं घेऊन जानेवारीतल्या कडाक्याच्या रात्री गच्चीवरच्या फरशीवर झोपून बघा. पाठ गार लागली तर आणखी एक मॅट घ्या, मग देहरादूनचं तिकीट काढा.